मूलबंध: घरी शिकायचा कसा आणि चुकतो कुठे

योगवर्गात प्राणायाम सुरू झाला की शिक्षक सहज सांगून जातात, "आता मूलबंध लावा," म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मिटवून वर घ्या. मग काही जण बसल्या जागी कुल्ले आवळतात, काही पोट खपाटीला नेतात, तर काही नुसताच श्वास कोंडून बसतात. कुणी विचारत नाही, कारण जागाच अशी की चारचौघांत विचारायची लाज वाटते. शिक्षकांनाही वरून काही दिसत नाही, म्हणून तेही चूक दाखवू शकत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं आसनं करणाऱ्यांचाही मूलबंध बऱ्याचदा कच्चाच राहतो.

हा लेख तेवढ्या एका क्रियेपुरता आहे आणि अगदी नवख्यांसाठी आहे. खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब येतात, बाळंतपणानंतर खाली जडपणा वाटतो, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी "खालचे स्नायू बळकट करा" एवढंच सांगून पाठवलंय, किंवा प्राणायामात पुढे जायचंय, यांतलं काहीही असलं तरी सुरुवात एकच. वेळ कमी असेल तर बाकीचं नंतर वाचा, पण ४ आणि ६ हे मुद्दे सोडू नका.

१. आधी जागा समजून घ्या

बेंबीवरून बोटं खाली सरकवत गेलात की एक कडक हाड लागतं. तिथून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो. कापूस वेचायला आलेली बाई बांधावरच्या झाडाला बाळाची झोळी बांधते ना, साधारण तसा. या झोळीत मूत्राशय, बायकांचं गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक विसावलेलं असतं. झोळी ढिली झाली की वरचं ओझं खाली येतं. लघवी सुटणं, वायू न रोखता येणं, बायका ज्याला "अंग बाहेर येणं" म्हणतात ते, या सगळ्यांत या ढिलाईचा वाटा असतो.

या पडद्यावर आवळण्याच्या तीन जागा आहेत आणि योगात तिन्हींना वेगळी नावं आहेत. पुढची जागा लघवीची. तिथे आवळलं की पुरुषांसाठी वज्रोली, बायकांसाठी सहजोली. मागची जागा गुदद्वाराची. तिथे आवळणं-सोडणं म्हणजे अश्विनी मुद्रा, घोडा लीद टाकल्यावर करतो तशी हालचाल. मूलबंध या दोन्हींच्या मधला. पुरुषांत ही जागा अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामध्ये, ज्याला शिवण म्हणतात तिथे, थोडी आत असते. बायकांत ती आणखी आत, योनीमार्गाच्या वरच्या टोकाला, गर्भाशयाच्या मुखाजवळ जाणवते.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात या जागेचं चक्क मोजमाप दिलंय. गुद आणि जननेंद्रिय यांच्यामधलं अंतर चार अंगुळं धरायचं, दोन्हीकडून दीड-दीड अंगुळ सोडायचं आणि मधे जे एक अंगुळ उरतं तिथे टाच टेकवायची. १२९० साली नेवाशाला इतकं नेमकं सांगून झालंय आणि आपण अजून पोट खेचत बसलोय. एक सावधगिरी मात्र घ्या. ज्ञानेश्वरांनी याच मूळबंधाला वज्रासन असं गौण नाव दिलंय. आज जेवणानंतर गुडघे मोडून आपण ज्या वज्रासनात बसतो ते वेगळं. शिवाय हे मोजमाप पुरुषाच्या शरीराचं आहे. बायकांत हे अंतर कमी असतं, त्यामुळे टाचेचा हट्ट त्यांनी धरू नये.

"केगल व्यायाम म्हणजे हेच ना?" असं हमखास विचारलं जातं. बरंचसं हेच. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या ढिलाईसाठी हे स्नायू आवळण्याचा व्यायाम मांडला. त्यात पुढचं, मागचं, मधलं सगळं एकत्र आवळतात. मूलबंधात हळूहळू फक्त मधल्या जागेपर्यंत पोचायचं असतं आणि त्याला श्वासाची जोड द्यायची असते. नवख्याला पहिल्या महिन्यात सगळंच एकदम आवळलं जाणार. ते चालतं.

२. कुणी सध्या थांबायचं

लघवीत जळजळ, ताप किंवा रक्त असेल तर आधी औषधोपचार. लघवीची नळी (कॅथेटर) लावलेली असताना हा व्यायाम अजिबात करायचा नाही. ओटीपोटाचं, मूळव्याधीचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल तर ज्या डॉक्टरांनी ते केलं त्यांनी "सुरू करा" म्हटल्यावरच. मूळव्याधीचा कोंब सुजून ठणकत असेल तेव्हाही नको.

गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून हलकं आवळणं-सोडणं करायला हरकत नसते, पण श्वास रोखणं आणि उड्डियान (पोट आत-वर खेचण्याचा बंध) पूर्ण बंद. बाळंतिणीने नळी निघाल्यावर, दुखत नसेल तर आडवं पडून अगदी हलक्या हाताने सुरुवात करावी. सिझेरियन झालेल्या बाईलाही याची गरज असते. नऊ महिने ओझं त्या झोळीनेच उचललेलं असतं, बाळ कुठल्या वाटेने बाहेर आलं याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता एक गट असा, ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. काहींचे हे स्नायू ढिले नसतात, उलट कायम ताठ असतात. त्यांना लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर काढावा लागतो, शिवणीत किंवा माकडहाडाशी ठणका असतो, शरीरसंबंधात दुखतं. अशांनी आवळण्याचा सराव केला तर त्रास वाढतो. त्यांनी या लेखातला फक्त सोडण्याचा भाग (मुद्दा ५ मधला) करायचा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

३. काय लागतं

- सतरंजी किंवा दुहेरी घातलेली गोधडी. गादी नको, तिच्यात कंबर रुतते.
- एक घट्ट उशी किंवा घडी घातलेलं चवाळं, बसताना बुडाखाली घ्यायला.
- एक पंचा किंवा लहान टॉवेल आणि सरळ पाठीची लाकडी खुर्ची.
- सेकंद दाखवणारं घड्याळ. मनातल्या मनात मोजलेले दहा सेकंद बहुतेक वेळा सहाच भरतात.
- नोंदीला एक वही.

कमरेला घट्ट नाडी, परकराची गाठ किंवा पट्टा नको. लघवीला जाऊन या, शौचही झालेलं असलं तर उत्तम. पोट भरलेलं नको. जेवणानंतर साडेतीन-चार तास जाऊ द्या. शेवभाजी आणि भाकरी हाणून तासाभरात बसलात तर मूलबंधापेक्षा ढेकरच जास्त लागतील.

वेळ सकाळची. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सकाळी नऊनंतर घरातही अंग चिकट होतं. ज्यांचं धाबं (मातीचं सपाट छत) किंवा गच्ची आहे त्यांनी पहाटे उठल्यावर तिथेच उरकावं. दुसरी वेळ रात्री झोपण्यापूर्वी, अंथरुणाऐवजी जमिनीवर.

४. जागा शोधणं (पहिले ३-४ दिवस)

या दिवसांत व्यायाम करायचाच नाही, फक्त शोध घ्यायचा.

उताणे पडा. गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर, दोन पायांत वीतभर अंतर. एक हात बेंबीखाली ठेवा, दुसरा एका कुल्ल्याखाली सरकवा. हे दोन हात म्हणजे तुमचे पहारेकरी.

आधी मागची जागा. भरल्या घरात वायू सुटू पाहतोय आणि तो रोखायचाय, असं समजून गुदद्वार किंचित आत घ्या. सोडा. कुल्ल्याखालचा हात काय सांगतो? कुल्ला कडक झाला असेल तर जोर जास्त लागला. निम्म्या जोराने पुन्हा करा, मग त्याच्याही निम्म्याने. एका टप्प्याला कुल्ला मऊ राहतो आणि आत काहीतरी हलतं. ते लक्षात ठेवा.

आता पुढची जागा. लघवीची धार मधेच थांबवताना जे होतं ते, पण लघवी करत नसताना. सोडा.

मग या दोन्हींच्या मधोमध लक्ष न्या. पुरुषांनी अंडकोश अगदी हलके वर उचलले जातायत आणि लिंग मुळाशी आत ओढलं जातंय, असा प्रयत्न करावा. बायकांनी योनीमार्ग चारी बाजूंनी मिटून आत-वर जातोय, असं करावं. जुन्या माणसांच्या कमरेला पानसुपारीची चंची असायची. तिची नाडी ओढली की तोंड आधी गोल मिटतं आणि मग आत जातं. अगदी तीच हालचाल: आधी मिटणं, मग वर जाणं. फक्त मिटलं आणि वर गेलं नाही तर काम अर्धंच झालं.

लघवी करताना धार थांबवून पाहायचा सल्ला खूप जण देतात. ओळख पटण्यासाठी एखाद्या वेळी पाहा, पण त्याचा व्यायाम करू नका. वारंवार धार तोडली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तीन-चार दिवसांत काहीच जाणवलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून खुर्चीवर उभी, म्हणजे पुढून मागे अशी ठेवा आणि घोड्यावर बसावं तसं तिच्यावर बसा. आता आवळा. शिवण टॉवेलपासून किंचित उचलल्यासारखी वाटली तर बरोबर. टॉवेलवर दाब वाढला तर तुम्ही खाली ढकलताय, म्हणजे शौचाला जोर काढतो तसं करताय. ही चूक सर्रास होते आणि ती नुकसानीची आहे, कारण जी झोळी उचलायची तिलाच रोज खाली ताणलं जातं.

५. पहिले दोन आठवडे: आडवं पडूनच

श्वास आधी समजून घ्या. श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो, त्याबरोबर ओटीपोटाचा तळही किंचित खाली सरकतो. श्वास सोडला की दोन्ही वर येतात. म्हणजे उच्छ्वासात तळ आपणहून वर निघालेलाच असतो, त्याला थोडा हात द्यायचा. म्हणून नवख्याने बंध उच्छ्वासाबरोबरच लावावा. ग्रंथांत आणि बऱ्याच वर्गांत श्वास घेऊन, रोखून मूलबंध सांगतात. ते चुकीचं नाही, पुढच्या इयत्तेचं आहे.

क्रम असा:

नाकाने सावकाश श्वास घ्या. पोट वर येऊ द्या, खालचं सगळं सैल.

श्वास सोडायला लागा आणि त्याबरोबर मधली जागा मिटवत वर घ्या. विहिरीतून भरलेला पोहरा ओढतो तसं एकसंध, धक्का न देता. सगळा जोर शंभर धरला तर तीस-चाळीसच वापरा.

३ सेकंद धरा. या वेळात श्वास चालूच राहिला पाहिजे. परीक्षा सोपी: हळू आवाजात "एक, दोन, तीन" म्हणा. आवाज निघत नसेल तर श्वास कोंडलाय.

आता सोडा. पोहरा हातातून सुटल्यासारखा धाडकन नको, दोर हळूहळू सोडत. आणि सोडून झालं असं वाटल्यावर अजून एक श्वास थांबा, कारण बहुतेक वेळा थोडं आवळलेलं आत राहूनच गेलेलं असतं. पुढचा श्वास घेताना शिवण जमिनीकडे पसरते, कोमट पाण्यात साखर विरघळावी तशी. ही पसरण जाणवली की सुटलं. यासाठी ६ सेकंद द्या.

हे झालं एक आवर्तन. सकाळी ८, रात्री ८. एवढंच. दोन्ही वेळा मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात अवघड जातं ते धरण्यापेक्षा सोडणं. दिवसभर मोटारसायकलवर, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा परीक्षेच्या अभ्यासात ताठून बसणाऱ्यांच्या शिवणीत कायमच थोडी गाठ असते. स्नायू आधीच अर्धा आवळलेला असेल तर त्याला वर जायला जागा कुठे उरते? म्हणून धरण्याच्या दुप्पट वेळ सोडायला. सुरुवातीला हे प्रमाण मोडू नका, घाई असेल तर आवर्तनं कमी करा.

६. चूक ओळखण्याच्या खुणा

*पोट फुगतं.* बेंबीखालचा हात वर उचलला गेला तर दाब खाली चाललाय. बरोबर लागलेल्या बंधात ओटीपोट अगदी कागदाच्या जाडीएवढं आत जातं, जास्त नाही. ते खपाटीला गेलं तर तुम्ही उड्डियानाकडे निघालात.

*कुल्ले, मांड्या.* मांड्या एकमेकींकडे ओढल्या गेल्या किंवा कंबर जमिनीवरून उचलली गेली की समजा, मोठे स्नायू लहान स्नायूचं काम करू लागलेत. कुस्ती, कबड्डी किंवा जिमची सवय असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. त्यांना ताकद लावल्याशिवाय काही केल्यासारखंच वाटत नाही. हा स्नायू मात्र पंजा लढवायचा नाही.

*चेहरा.* भुवया वर जातात, दात आवळले जातात, जीभ टाळूला चिकटते. जबडा सैल सोडून पाहा, खालची पकडही आपोआप नेमकी होते. ओठांतून बारीक फुंकर मारत श्वास सोडला तर जबड्याला आवळायला वावच मिळत नाही.

*थरथर.* चौथ्या-पाचव्या सेकंदाला पकड थरथरते किंवा न कळत निसटते. निसटली आणि तुम्ही मोजतच राहिलात, तर पुढचे आकडे कुल्ल्यांच्या खात्यावर जमा होतात. ज्या सेकंदाला निसटते तो तुमचा आकडा. तो वहीत लिहा. कुणाचा २ असतो, कुणाचा ७. सराव त्या आकड्याएवढाच करायचा.

*नंतर दुखणं.* दुसऱ्या दिवशी शिवणीत, कमरेत किंवा माकडहाडाशी ठणका, लघवीला सारखं जावंसं वाटणं, धार अडखळणं. हे "व्यायाम लागू पडतोय" असं नसतं. तीन दिवस आवळणं बंद ठेवा, फक्त सैल श्वसन करा, मग निम्म्या आवर्तनांनी सुरू करा. पुन्हा तेच झालं तर फिजिओथेरपिस्ट.

अजून एक, जरा आडवळणाची चूक म्हणजे दिवसभर बंध लावून फिरणं. "जमतंय तर कायम ठेवू" असं उत्साही माणसाला वाटतं. बैलाला दिवसभर जुवाखालीच ठेवलं तर संध्याकाळी तो औत ओढेल का?

७. बसून: तिसऱ्या आठवड्यापासून

उठून बसलं की वरचं ओझं थेट झोळीवर येतं, म्हणून आकडा एक-दोन सेकंदांनी घसरेल. साहजिक आहे.

सुखासनात, म्हणजे साधी मांडी घालून बसा. बुडाखाली उशी इतकी घ्या की गुडघे कमरेच्या पातळीखाली जातील. गुडघे वर राहिले तर पाठ मागे गोल होते, बूड आत वळतं आणि पकड फक्त गुदद्वाराशी जाते. हात बुडाखाली घालून दोन बोचरी हाडं शोधा. वजन त्या दोन्हींवर सारखं आलं पाहिजे. किंचित पुढे झुकलात तर पुढची जागा जास्त जाणवेल, मागे रेललात तर मागची. पुढे-मागे डोलत मधला तोल सापडेपर्यंत दोन मिनिटं घालवा, ती वाया जात नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल खुर्चीवर बसावं.

सिद्धासनात टाच शिवणीला टेकते. टाचेमुळे नेमकी जागा कळते, हा तिचा फायदा. पण पूर्ण अंग टाचेवर टाकून अर्धा तास बसू नका. त्या भागातून जाणारी नस दाबली जाते आणि मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मुंग्या आल्या की लगेच उतरा. "सवयीने जाईल" म्हणून सहन करायची ही गोष्ट नाही. नवख्याला टाचेऐवजी टॉवेलची गुंडाळीच बरी.

या टप्प्यावर दोन प्रकार आळीपाळीने करायचे. लांब पकड: ५ सेकंद धरा, १० सेकंद सोडा, ८ वेळा. मग झटपट: एका सेकंदात वर, एका सेकंदात पूर्ण खाली, ५ वेळा. झोळीत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक तऱ्हा तासन्‌तास ओझं पेलते, दुसरी खोकला-शिंकेच्या क्षणी झडप घालते. नुसती लांब पकड शिकलेल्या माणसाची लघवी शिंकेला तरीही सुटते, त्याचं कारण हेच.

८. वाढवत कसं न्यायचं

पाचव्या ते आठव्या आठवड्यात पकड ८ ते १० सेकंदांपर्यंत न्या, सोडायला तेवढाच किंवा जास्त वेळ. ८-१० आवर्तनं आणि १० झटपट, दिवसातून ३ वेळा. फिजिओथेरपीत साधारण हेच माप धरतात: एका वेळी किमान ८, दिवसातून तिनदा, निदान ३ महिने. दहाच्या पुढे सेकंद वाढवण्यात नवख्याला काही मिळत नाही. त्याऐवजी उभं राहून करा, मग अर्ध्या उठाबशीत.

एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

आता हळूहळू जागा वेगळ्या करायला लागा. आधी फक्त मागची, मग फक्त पुढची, मग दोन्ही सैल ठेवून मधली. पूर्ण वेगळेपणा कधीच येत नाही, कारण स्नायू एकमेकांत विणलेले आहेत. सत्तर टक्के मध्ये आणि बाकी इकडेतिकडे, इतकं साधलं तरी प्राणायामापुरतं झालं.

९. रोजच्या कामात वापर

ज्यांना लघवी सुटण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा सगळ्यात कामाचा. खोकला किंवा शिंक येणार असं वाटल्याबरोबर, ती येण्याआधी एक झटपट पकड घ्या, शिंक होऊन जाऊ द्या, मग सोडा. आधी, नंतर नव्हे. दोन-तीन आठवड्यांत हे अंगवळणी पडतं.

ओझं उचलतानाही तसंच. पाण्याचा हंडा, केळीचा घड, कापसाचं गाठोडं, धान्याचं पोतं, काही असो: वाकण्याआधी श्वास घ्या, उचलताना श्वास सोडत बंध लावा, डोक्यावर किंवा खांद्यावर स्थिरावलं की सोडा. श्वास कोंडून "हं" करत उचललं की पोटातला सगळा दाब झोळीवर पडतो. घड उचलणाऱ्या पुरुषांत आणि हंडे वाहणाऱ्या बायकांत ही सवय पक्की असते. दिवसातून पन्नास वेळा झोळी खाली ढकलायची आणि सकाळ-रात्र मिळून सोळा वेळा वर उचलायची, हा हिशेब जुळणारा नाही.

बद्धकोष्ठाचंही तसंच. ठेचा, भरीत, कळण्याची भाकरी काही सोडायची नाही, पण पाणी आणि पालेभाजी वाढवा आणि संडासात जोर काढत बसणं थांबवा. वेचणीच्या दिवसांत शेतात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, वर दोन-तीन कप चहा होतो. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं आणि उलट सारखी घाई लागते. मूलबंध त्या चिडलेल्या मूत्राशयाला समजावू शकत नाही, पाणी समजावतं.

१०. प्राणायामाबरोबर: तीन महिन्यांनंतर

बसून १० सेकंदांची पकड आणि पूर्ण सुटका जमत असेल तरच पुढे या. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अल्सर किंवा गर्भ असेल त्यांनी श्वास रोखण्याचा हा भाग सोडून द्यावा.

श्वास आत रोखताना: ४ मात्रांत (सारख्या गतीने चार मोजत) श्वास घ्या, हनुवटी छातीकडे झुकवून जालंधर लावा, मग मूलबंध. ४ मात्रा थांबा. सोडताना आधी मूलबंध, मग मान सरळ, त्यानंतरच श्वास. मान खाली असताना श्वास सोडायला गेलात तर घशात अडकल्यासारखं होतं.

श्वास बाहेर रोखताना तिन्ही बंध येतात: जालंधर, उड्डियान, मूल या क्रमाने लावायचे आणि मूल, उड्डियान, जालंधर या क्रमाने सोडायचे. त्याला महाबंध म्हणतात. हे मात्र लेख वाचून करू नका, जाणत्या शिक्षकासमोर बसा. उड्डियानात पोटाच्या आत नेमका किती दाब बदलतो हे यंत्रं लावून मोजणारे स्वामी कुवलयानंद १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करण्यापूर्वी आपल्या अमळनेरलाच शिकवत होते. तेव्हा "डोळे मिटा आणि अनुभवा" यापलीकडे काहीही सांगता न येणाऱ्या शिक्षकाला कारण विचारायचा हक्क खान्देशी माणसाला तरी आहे.

११. फरक कधी पडतो, आणि डॉक्टरकडे कधी

पकड नेमकी जाणवायला दोन-तीन आठवडे, लघवीचे थेंब कमी व्हायला सहा ते आठ, खरा निकाल तीन महिन्यांनी. तीन महिने नीट करूनही काही बदल नसेल तर बहुधा पकड चुकतेय किंवा दुखणं वेगळं आहे.

वाट न पाहता जायचं ते अशा वेळी: लघवीत रक्त, लघवी अचानक अडकणं, योनीतून गोळा बाहेर आल्यासारखं वाटणं, दोन मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, किंवा पायातली ताकद जाऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. शेवटची दोन लक्षणं मणक्यातल्या नसांची असू शकतात, तिथे तासांचा हिशेब असतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बायकांनी स्त्रीरोग विभागात, पुरुषांनी शल्यचिकित्सा विभागात दाखवावं आणि "फिजिओथेरपीला पाठवता का?" असं स्वतःहून विचारावं. नेताना हे सोबत घ्या:

- आधार कार्ड आणि जुने केसपेपर.
- बाळंतपणाची कागदं: किती, टाके पडले होते का, चिमटा लावला होता का.
- ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि चालू गोळ्यांची पाकिटं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते.
- तीन दिवसांची लघवीची नोंद: किती वाजता, अंदाजे किती कप, कधी सुटली, त्या वेळी काय करत होतात, किती पाणी-चहा प्यालात.
- वहीतला तुमचा सेकंदांचा आकडा.

खिडकीवर लाजेने "पोट दुखतंय" सांगू नका, भलत्याच रांगेत पाठवतील. "लघवीचा त्रास आहे" एवढे शब्द पुरतात, बाकीचं आत गेल्यावर बोला.